तीन प्रश्नचिन्हे

आमच्याकडे दिवाळीची चाहूल लागते ती भाजणीच्या वासाने. गेल्या वर्षी ती पुतण्याच्या ओरडण्याने लागली. "काका, घोटाळा झाला!"

माझी आई त्याच्या आदल्या वर्षी गेली. जाण्यापूर्वी तिने फराळाच्या कृती सांगितल्या आणि आमच्या हिने त्या संगणकावर टिपून घेतल्या. वही नाही, कागद नाही; होती ती एक फाइल. त्या कृती वर्णानुक्रमे लावून देणारा छोटासा प्रोग्राम नंदूने लिहिला. पडद्यावर पाहावे तर अनारशापासून सारे पदार्थ ओळीने उभे! मग त्याने तेच नव्या फाइलीत उतरवले आणि "आता हिचं काय काम?" म्हणत जुनी फाइल पुसून टाकली. नवी उघडली, तर आत प्रश्नचिन्हांची रांगोळी.

"पडद्यावर दिसलं ते फाइलीत का नाही?" मी विचारले.

नंदूने समजावले ते मला कळले ते असे. संगणक अक्षरे ठेवत नाही, आकडे ठेवतो. आणि कोणत्या अक्षराला कोणते आकडे, याची कोष्टके निरनिराळी. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक आकडा पुरतो, आपल्या 'क'ला तीन लागतात : २२४, १६४, १४९. जुन्या पाश्चात्त्य कोष्टकात मुळी जागाच २५६. तिथे देवनागरीला बिऱ्हाड मिळत नाही. प्रोग्राम पडद्याशी नीट बोलला. पण फाइलीत कोणते कोष्टक वापरायचे हे कुणी सांगितले नाही, म्हणून त्याने यंत्राच्या ठेवणीतले जुनेच काढले.

"मग त्याने तक्रार केली नाही?"

"केली होती," नंदू मान खाली घालून म्हणाला. "अक्षर बसत नाही म्हणून अडून बसला होता. मीच सांगितलं, बसत नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाक."

ओरडणाऱ्याचे तोंड बंद केले की घर शांत होते. घोटाळा तसाच राहतो!

एवढ्यात हिला आठवले, वन्संना मागे एक प्रत पाठवली होती. ती मागवून उघडली, तर डोक्यावर तिरकी रेघ घेतलेल्या इंग्रजी 'ए'ची पलटण! माझे अवसान गळाले; नंदूचा चेहरा मात्र खुलला. "काका, आकडे शाबूत आहेत. नुसते चुकीच्या कोष्टकाने वाचले जाताहेत." यूटीएफ-८ म्हणून उघडताच आईची चकली काटेरी डौलात पुढे आली. गिचमिड परत येते, वाचकहो. प्रश्नचिन्ह येत नाही.

आता नंदूने प्रोग्रामात स्पष्ट लिहून ठेवले आहे : फाइलीत यूटीएफ-८च, आणि अक्षर बसले नाही तर थांब.

पण वन्संच्या प्रतीत चिरोटे नव्हते. ते आईने मागाहून सांगितले होते. प्रश्नचिन्हांच्या गर्दीत इंग्रजीत टिपलेले आकडे तेवढे वाचले आहेत. एका आकड्यापुढे तीनच चिन्हे आहेत. काना, उकार वेगळे मोजले जातात. म्हणजे 'तूप' तीन आणि 'रवा'ही तीनच!

यंदा ही दोन्ही प्रमाणांनी थोडे थोडे करून पाहणार आहे. आईच्या हातची चव कोणत्या घाण्याला येते, ते जीभच सांगेल.