डोळे मिटल्यावर पहारा कोणाचा?

‘ध्यान कर, सगळं ठीक होईल.’

हे वाक्य फौजेत आणि फौजेबाहेर इतक्या सहज फेकलं जातं की आता ते ऐकलं की मला राग येतो. सुट्टी पुढे ढकलली म्हणून जवान वैतागलाय? ध्यान कर. रिटायर झालेल्या सुभेदार साहेबांना रात्रभर झोप नाही? ध्यान करा, साहेब. घरी बायकोपोरांशी बोलताना आवाज चढतो? ध्यान. सांगणारा मोकळा होतो, ऐकणारा एकटा पडतो. आणि बसल्यावर त्रास उलट वाढला असं त्यानं येऊन सांगितलं, तर उत्तर तयारच असतं : ‘तुझी साधना कमी पडतेय. अजून बस.’

माझं भांडण या ‘अजून बस’शी आहे. ध्यानाशी नाही. मी स्वतः बारा वर्षं रोज सकाळी बसतो. राजस्थानच्या वाळूत बसलो, अरुणाचलच्या पावसात बसलो, सध्या लेहला बसतो. जिथे जाईन तिथे हे कळलं की लोक हळूच बाजूला घेऊन विचारतात. प्रश्न तेच असतात. पलटण बदलते, भाषा बदलते, प्रश्न बदलत नाहीत. त्यातले बरेचसे प्रश्न साधे आहेत आणि त्यांची उत्तरंही साधी आहेत. पण एक प्रश्न साधा नाही, आणि नेमक्या त्याच प्रश्नाला आपण सगळ्यात बेजबाबदार उत्तर देतो.

आधी साधे प्रश्न घेऊ.

‘बसलो की विचार थांबतच नाहीत.’ थांबणारही नाहीत. डोकं रिकामं झालं पाहिजे ही कल्पना कोणी पसरवली माहीत नाही, पण तिनं जितक्या लोकांना ध्यानापासून पळवलं तितकं आळसानंही पळवलं नसेल. मन वाऱ्यासारखं आवरत नाही ही तक्रार गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानं केली आहे. तो काही घरात लोडाला टेकून बसला नव्हता, ऐन रणांगणात उभा होता. त्याला मिळालेलं उत्तर सरावाचं आणि वैराग्याचं होतं, चमत्काराचं नव्हतं. मन गेलं, लक्षात आलं, परत श्वासावर आणलं. परत गेलं, परत आणलं. रंगरूट पहिल्या महिन्यात पाऊल चुकवतो म्हणून उस्ताद त्याला घरी पाठवत नाही. पाऊल पुन्हा जुळवून घेतो. ध्यानही तेवढंच आहे. शंभर वेळा मन गेलं आणि शंभर वेळा परत आणलं, तर त्या दिवशी शंभर वेळा काम झालं.

‘बसलो की झोप येते.’ येणारच. दोन तास पहारा, चार तास आराम, अशी तुकड्यातुकड्यांनी झोपणारी माणसं तुम्ही मंदिर परेडनंतर सतरंजीवर ओळीनं बसवता आणि डोळे मिटायला सांगता, तर शरीर आपली थकबाकी वसूल करणार. त्यात साधकाचा दोष नाही. अति जागणाऱ्याला योग साधत नाही, हे त्याच सहाव्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय. पण भिंतीवर लावायला आपण दुसरे श्लोक निवडतो. २०१५ पासून दर २१ जूनला योग दिन होतो, बर्फावर चटया अंथरून फोटो निघतात. निघोत. पण ज्याला झोप हवी आहे त्याला झोप द्या. ज्याला सुट्टी हवी आहे त्याला सुट्टी द्या. सुट्टीच्या अर्जावर ध्यानाचं शिबिर हे उत्तर होऊ शकत नाही.

‘पाय बधिर होतात, गुडघे दुखतात.’ मग खुर्चीवर बसा. वीस-पंचवीस वर्षं पाठीवर वजन घेऊन डोंगर चढलेल्या पायदळातल्या माणसाच्या गुडघ्यांनी पद्मासनाची परीक्षा द्यायची काहीच गरज नाही. कणा ताठ, पाय जमिनीवर. पुरे.

‘प्रकाश दिसतो, शरीर हलकं होतं, आतून नाद ऐकू येतो. कुंडलिनी जागी होतेय का?’ ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं जे वर्णन केलंय ते वाचून आपल्या मराठी माणसाला हा प्रश्न हमखास पडतो. माझं उत्तर एकच : दिसलं तर दिसू द्या, नाही दिसलं तर शोधू नका. पतंजलींनी योगातले नऊ अडथळे मोजलेत, त्यात भ्रांतीही आहे. आणि त्या यादीत पहिलं नाव कशाचं आहे? व्याधीचं. म्हणजे आजार. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या ग्रंथाला जे कळतं ते आजच्या ‘अजून बस’वाल्यांना कळत नाही. आजारी माणसाला आधी बरं करायचं असतं.

इथे उंचावर असणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. इथे आल्या आल्या श्वास रोखण्याचे प्रयोग करू नका. उंचावर झोपेत श्वास आपोआप भरभर होतो, मग काही सेकंद थांबतो, आणि माणूस दचकून, धापा टाकत उठतो. नव्या माणसाला वाटतं आपल्याला भीतीचा झटका आला, किंवा काही आध्यात्मिक घडतंय. दोन्ही नाही. ती विरळ हवा आहे. डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर आसनावर नाही, थेट एम.आय. रूममध्ये जायचं.

आता तो साधा नसलेला प्रश्न.

‘डोळे मिटले की तेच दिसतं.’

हे वाक्य कोणी पहिल्या भेटीत बोलत नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, चहा संपत आल्यावर, दुसरीकडे बघत बोलतात. काय दिसतं हे बहुतेक जण सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. छाती धडधडते, हाताला घाम सुटतो, उठून खोलीबाहेर जावंसं वाटतं. एका माजी सैनिकानं मला सांगितलं की त्याला पाठीमागे दार असलेल्या खोलीत बसताच येत नाही. हॉलमध्ये पन्नास माणसं शांत बसली होती आणि तो मागे कोण आलं ते मोजत होता. शिबिरातल्या मार्गदर्शकानं त्याला सांगितलं की हे जुने संस्कार बाहेर पडतायत, घट्ट बसून राहा. तो तीन दिवस घट्ट बसला. त्यानंतर दोन महिने त्याला धड झोप लागली नाही.

हा माणूस कमकुवत आहे का? त्याला आपणच असं घडवलंय. खडा वाजला तरी जाग आली पाहिजे, झुडूप हललं तर नजर गेली पाहिजे, अंधारात, शांततेत जास्त सावध राहिलं पाहिजे : हे वीस वर्षं त्याच्या अंगात भिनवलं. शांतता म्हणजे काहीतरी घडणार, हे त्याच्या शरीरानं अनुभवानं शिकलंय. अशा माणसाला अनोळखी हॉलमध्ये, दाराकडे पाठ करून बसवायचं आणि डोळे मीट म्हणायचं. त्याचं शरीर एकच सवाल विचारतं : डोळे मिटल्यावर पहारा कोणाचा? त्या सवालाला ‘श्रद्धा ठेव’ हे उत्तर नाही.

‘संत्री ड्युटी म्हणजेच ध्यान’ असं भाषणात सांगणाऱ्यांनाही माझा नमस्कार. दोन्हीत माणूस जागा असतो, साम्य तिथेच संपतं. संत्री धोका शोधत असतो. ध्यानाला बसणाऱ्यानं शोधणं सोडायचं असतं. ज्याचं शोधणं काही केल्या बंद होत नाही, त्याचीच तर ही अडचण आहे.

हे सगळं फक्त माझं निरीक्षण नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्ध पद्धतीनं ध्यान करणाऱ्या सुमारे ६० लोकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि २०१७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. भीती, अस्वस्थता, झोप उडणं, जुन्या आघाताच्या आठवणी वर येणं, असे अनुभव त्यात नोंदलेले आहेत. सगळ्यांनाच असं होतं असा त्याचा अर्थ नाही. पण होतं, आणि ते साधनेत कमी पडल्यामुळेच होतं असं नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. देवळालीपासून फार लांब नसलेल्या इगतपुरीत १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं चालतात. पहाटे चारला घंटा, दिवसाला सुमारे दहा तास ध्यान, मौन. फौजेतली अनेक माणसं तिथे जाऊन आली आहेत आणि अनेकांना फायदा झाला आहे. पण त्या शिबिरांची नियमावलीच सांगते की गंभीर मानसिक आजारावरचा इलाज म्हणून इथे येऊ नका. ज्यांनी आयुष्य या कामात घातलं ते आपली मर्यादा लिहून देतात. आणि ज्यानं चार व्हिडिओ बघितले तो म्हणतो, अजून बस.

जी शिस्त आपण पायांना लावतो ती मनाला का लावत नाही? विमानानं लेहला उतरलेला जवान कितीही तगडा असो, पहिले सहा दिवस त्याला उंचीची सवय करून घ्यावीच लागते, त्यातले पहिले दोन निव्वळ आरामाचे. १२,००० फुटांच्या वर जायचं तर आणखी चार दिवस, १५,०००च्या वर आणखी चार. आणि वर गेल्यावर कोणाला उलट्या व्हायला लागल्या, तोल जायला लागला, तर त्याला कोणी ‘तुझी चढाई कमी पडतेय, अजून चढ’ म्हणत नाही. त्याला खाली आणतात. खाली येणं हा तिथे अपमान नसतो, इलाज असतो. मग मनाच्या बाबतीत पहिल्याच दिवशी शिखरावर का पाठवता, आणि त्रास झाला की खाली का आणत नाही?

‘म्हणजे ध्यान सोडून द्यायचं का?’ नाही. मिनियापोलिसमध्ये मानसिक आघातानं त्रस्त असलेल्या ११६ माजी सैनिकांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्यानाच्या वर्गातल्यांचा त्रास कमी झाला, पण बेतानंच. हे वर्ग माजी सैनिकांच्या वैद्यकीय केंद्रात झाले होते, मोजमाप ठेवून. म्हणजे ध्यान उपयोगी आहे. डॉक्टरच्या जोडीला, डॉक्टरच्या जागी नाही.

ज्यांना डोळे मिटले की त्रास होतो त्यांनी डोळे मिटू नयेत. भिंतीला पाठ लावून, दार दिसेल असं बसा. नजर समोर जमिनीवर ठेवा. पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. छाती धडधडायला लागली तर उठा, पाणी प्या, चार पावलं चाला. उठणं म्हणजे हार नाही. बसणंच नको असेल तर चाला. महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको : आपल्याकडे लाखो लोक शेकडो वर्षं नाम घेत, टाळ वाजवत, डोळे उघडे ठेवून पंढरपूरला चालत जातात. मन एका जागी आणायला आसनच लागतं असं वारकऱ्यांनी कधी मानलं नाही. पाऊल आणि नाम. फौजी माणसाला पावलाची भाषा आधीच येते.

आणि डॉक्टरकडे जा. इथेच खरी गाठ आहे. नोकरीत असलेला जवान जात नाही, कारण मेडिकल कॅटेगरी खाली येईल, प्रमोशन अडेल, पलटणीत नाव होईल. ध्यानाला बसलं तर कागदावर काही येत नाही, म्हणून तो ध्यानाला बसतो. रिटायर झालेल्याला हे कुठलंच भय उरलेलं नसतं, पण लपवायची सवय उरलेली असते. ‘ध्यान कर’ म्हणणारा या लपवाछपवीला नकळत हातभार लावतो. माजी सैनिकांसाठी ई.सी.एच.एस. पॉलिक्लिनिक आहे, तिथून मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवतात. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या ए.एफ.एम.सी.मध्ये सुरू झाला आहे. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेताना लाज वाटली नाही, मग इथे का वाटावी?

शेवटी, सल्ला देणाऱ्यांसाठी. तुम्ही हवालदार असा, कमांडिंग ऑफिसर असा, योगशिक्षक असा, नाहीतर माजी सैनिकांच्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचार पाठवणारे काका असा. पुढच्या वेळी कोणी तुमच्यापुढे दुसरीकडे बघत ‘डोळे मिटले की तेच दिसतं’ म्हणाला, तर उत्तर देऊ नका. विचारा : रात्री झोप लागते का? कधीपासून नाही? घरात कोणाला माहीत आहे? आणि मग त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जा. एकट्यानं जायला त्याला जमत नाही, म्हणून तर तो तुमच्याकडे आला आहे.