भूत म्हणजे स्किन नव्हे!

"आपल्या मुंजावर, हडळीवर एक झकास हॉरर गेम यायला पाहिजे राव!" गेम खेळणाऱ्या मराठी मंडळींच्या कुठल्याही कट्ट्यावर बसा, दहा मिनिटांत हे वाक्य येणारच. ऐकायला मस्त वाटतं. पण पुढचा प्रश्न विचारून बघा, "बरं, मुंजा त्या गेममध्ये करणार काय?" उत्तर येतं, "काय म्हणजे? पिंपळावरून उडी मारणार, आपण पळायचं!"

बस्स. म्हणजे झॉम्बी घेतला आणि त्याच्या गळ्यात जानवं अडकवलं. आमच्या धंद्यात याला स्किन बदलणं म्हणतात. आतला कोड तोच, वरचा रंग वेगळा, आणि क्लायंटला सांगायचं की हे नवीन प्रॉडक्ट आहे.

ही स्किनबाजी माझ्या डोक्यात जाते. का, ते सांगायचं तर लोककथेवरचा हॉरर गेम नीट केला की काय होतं, ते आधी बघावं लागेल. त्यासाठी तैवानला जाऊ या.

जानेवारी २०१७ मध्ये तैवानच्या 'रेड कँडल गेम्स' नावाच्या छोट्या स्टुडिओने 'डिटेन्शन' हा गेम काढला. गेम टूडी आहे आणि एका शनिवारी संपतो. हातात बंदूक नाही, थ्रीडी ग्राफिक्सचा भपका नाही. काळ १९६० च्या दशकातला, जागा डोंगरातली एक शाळा. वेई नावाचा मुलगा वर्गात झोपतो, जागा होतो तर शाळा रिकामी, बाहेर वादळाचा इशारा. सभागृहात त्याला फांग ही वरच्या वर्गातली मुलगी भेटते. दोघं घरी निघतात, तर पूल वाहून गेलेला. मग त्या शाळेत भुतं फिरायला लागतात. (पुढे गोष्ट फुटणार आहे. खेळायचा असेल तर इथेच थांबा, खेळून या, मग भांडू.)

या भुतांशी लढता येत नाही. ती जवळ आली की श्वास रोखून धरायचा आणि हळूहळू पुढे सरकायचं. काहींपुढे भाताचा वाडगा ठेवायचा, म्हणजे ती तिकडे वळतात. हातात कंदील घेतलेलं एक उंच भूत आहे, ते आलं की पाठ फिरवायची, श्वास रोखायचा आणि निमूट उभं राहायचं. मेलेल्यासाठी भाताचा वाडगा ठेवणं ही तिथली खरी रीत आहे. देवाला कौल लावायचे चंद्रकोरीसारखे लाकडी तुकडेही गेममध्ये येतात. म्हणजे लोककथेतून नुसतं भुताचं तोंड उचललेलं नाही, भुताशी वागायचे नियमही उचललेत.

आता खरी गंमत. गंमत कसली, काटाच येतो अंगावर. तैवानमध्ये मे १९४९ ते जुलै १९८७ असा ३८ वर्षं मार्शल लॉ होता. चुकीचं पुस्तक वाचलं म्हणून लोक तुरुंगात गेले, मारलेही गेले. गेममधल्या त्या शाळेत काही मुलं आणि एक शिक्षिका बंदी घातलेली पुस्तकं चोरून वाचतात. फांगचं शाळेतल्या समुपदेशकावर प्रेम असतं. ती शिक्षिका आपल्या दोघांच्या मध्ये येतेय असं तिला वाटतं. ती वेईकडून पुस्तकांची यादी मिळवते आणि शाळेतल्या लष्करी अधिकाऱ्याच्या हातात देते. पुढे कोणी तुरुंगात जातं, कोणाला मृत्युदंड होतो. फांग जीव देते. आपण इतका वेळ जिला वाचवत होतो ती आधीच मेलेली असते, त्याच शाळेत पुन्हा पुन्हा फिरत असते.

आता तो नियम पुन्हा वाचा. श्वास रोख. बघू नकोस. पाठ फिरव. निमूट उभा राहा. भुतापासून वाचायचा हा उपाय आणि त्या ३८ वर्षांत जगायचा उपाय एकच होता! सिनेमात हे दिसलं असतं. गेममध्ये तुमचं बोट बटणावर असतं, श्वास तुम्ही रोखता, पाठ तुम्ही फिरवता. शेवटी फांगला तिच्या कृत्याबद्दल प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरंही तुम्हीच देता. ती नाकारत राहिली तर फेरा चालूच. (२०१९ मध्ये यावर सिनेमाही आला.)

याच्या शेजारी इंडोनेशियाचा 'ड्रेडआउट' ठेवा. २०१४ चा, बांडुंगच्या टीमने केलेला. मला तो आवडतो, त्यातली भुतं अस्सल तिकडची आहेत. पण जवळपास प्रत्येक भुतावर उपाय एकच, मोबाइलने फोटो काढा. ही आयडिया जपानच्या २००१ च्या 'फेटल फ्रेम'मधली. तिकडे पोचोंग नावाचं कफनात गुंडाळलेलं भूत आहे. पुरल्यावर कफनाच्या गाठी सोडायच्या राहिल्या तर ते अडकतं, अशी समजूत. केवढी मोठी गोष्ट दडलीय त्यात! शेवटचं कर्तव्य कोणी विसरलं, त्याची शिक्षा कोण भोगतंय? पण आपण काय करायचं? क्लिक.

आता तुम्ही म्हणाल, "बाबा रे, गेम आहे तो, टाइमपास आहे. त्यात इतिहास आणि राजकारण कशाला कोंबतोस?" मी कोंबत नाहीये, ते भुतातच असतं. आपलंच बघा. बाळंतपणात बाई मेली की हडळ. मुंज झालेला पोरगा लग्नाआधी गेला की मुंजा. ही भुतांची यादी नाहीये मंडळी, ही गावाने ठेवलेली अकाली मरणांची नोंदवही आहे. ज्या बाईला वेळेवर सुईण मिळाली नाही, डॉक्टर तर नाहीच नाही, तिला गावाने हडळ केलं आणि वर तिचीच भीती घातली. तिला गेममध्ये आणून दाराआडून 'भॉ' करायला लावणं म्हणजे त्या बाईला दुसऱ्यांदा मारणं आहे.

अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या मित्रांचा आक्षेप वेगळा, "अशाने भुताखेतांवरचा विश्वास वाढतो." त्यांनी याच स्टुडिओचा २०१९ चा 'डिव्होशन' बघावा. एका पंथाच्या नादी लागून आजारी मुलीचा खरा उपचार नाकारणारा बाप, त्याची ही गोष्ट. भक्तीने घर कसं पोखरलं जातं ते इतकं जवळून दाखवणारं व्याख्यान मी तरी ऐकलेलं नाही.

आणि या 'टाइमपास'ची किंमत काय, तेही ऐका. 'डिव्होशन'मध्ये भिंतीवरच्या एका ताईतात शी जिनपिंग यांची टिंगल करणारा मजकूर सापडला. चिनी खेळाडूंनी गदारोळ केला आणि आठवडाभरात, फेब्रुवारी २०१९ मध्येच, गेम स्टीमवरून उतरवला गेला. डिसेंबर २०२० मध्ये 'जीओजी'ने तो विकायचं जाहीर केलं आणि त्याच दिवशी माघार घेतली. शेवटी मार्च २०२१ मध्ये स्टुडिओने स्वतःच्या साइटवर विकायला काढला. श्वास रोखून बसायचा काळ १९८७ मध्ये संपला, असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

तेव्हा आपल्या भुतांवर गेम करायला निघालेल्या मित्रांना एकच विनंती. युनिटी उघडण्याआधी, हडळीच्या मोकळ्या केसांचं थ्रीडी मॉडेल करण्याआधी, एका कागदावर तीन ओळी लिहा. ही बाई कशाने मेली? तिला कोण वाचवू शकलं असतं? आणि खेळणाऱ्याच्या हातात यातलं काय द्यायचं? उत्तर 'टॉर्च आणि पळायचं बटण' असेल, तर झॉम्बीच ठेवा की. तो बिचारा आता कोणाच्या गावचा राहिलेला नाही.

असो. उद्या सोमवार. तिथली भुतं वेगळी. :)