विश्लेषण : दहावीचा पेपर दुसऱ्यासाठी लिहिणाऱ्या मुलांच्या कामाचे मोल कोण करणार?

जानेवारी उजाडला की दहावी-बारावीच्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या घरी दोन शोध एकाच वेळी सुरू होतात. एक महत्त्वाच्या प्रश्नांचा आणि दुसरा लेखनिकाचा. गावात, वस्तीवर, नात्यात नववीत शिकणारे कोणी आहे का, त्याचे अक्षर वाचता येण्याजोगे आहे का, त्याचे आईवडील त्याला पेपरच्या दिवशी सोडतील का, याची विचारपूस चालते. अहिल्यानगरसारख्या चौदा तालुक्यांच्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या जिल्ह्यात हा शोध नगर शहरातल्या मुलाला तुलनेने सोपा जातो. अकोल्यातल्या डोंगराळ गावात किंवा जामखेडच्या टोकाला राहणाऱ्याला तो फार अवघड जातो.

बोलीभाषेत या मुलांना ‘रायटर’ म्हणतात. चौदा-पंधरा वर्षांची ही मुले महिनाभरासाठी एक जबाबदारीचे काम करतात आणि त्यावर दुसऱ्या मुलाचा निकाल ठरतो. तरीही हे काम आपल्याकडे काम म्हणून धरलेच जात नाही.

लेखनिक नेमके काय करतो?

प्रश्न वाचून दाखवायचा आणि परीक्षार्थी जे सांगेल तेच उत्तरपत्रिकेत उतरवायचे. स्वतःची भर घालायची नाही, काही गाळायचे नाही, उत्तर चुकतेय असे वाटले तरी सुचवायचे नाही. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्ष पेपर लिहिताना अडचणी सुरू होतात.

दहावीच्या बीजगणितातले उदाहरण घ्या. परीक्षार्थी म्हणतो, ‘एक्स अधिक दोनचा वर्ग’. आता वर्ग फक्त दोनचा की कंसातल्या सगळ्या पदावलीचा? सांगणाऱ्याच्या डोक्यात कंस असतो, लिहिणाऱ्याच्या कानावर तो आलेला नसतो. दोघांनी आधी एकत्र सराव केला असेल तर ‘कंस सुरू, कंस पूर्ण’ अशी त्यांची भाषा ठरलेली असते. सराव नसेल तर गणित तिथेच चुकते आणि तपासणाऱ्याला ती चूक परीक्षार्थीचीच दिसते. ‘अंकगणिती श्रेढी’ हा शब्द नववीच्या मुलाने ऐकलेला नसतो, तो सहज ‘श्रेणी’ लिहितो. विज्ञानात ‘अपवर्तन’ आणि ‘परावर्तन’ यांत घाईघाईत गोंधळ होतो. इंग्रजीच्या पेपरला तर मराठी माध्यमाचा लेखनिक स्पेलिंगसाठी अडतो आणि परीक्षार्थीला एकेक अक्षर सांगावे लागते. त्यात वेळ जातो.

किती तासांचे काम आहे?

राज्य मंडळाच्या दहावीला साधारणपणे तीन भाषांचे प्रत्येकी तीन तासांचे पेपर असतात. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांचे मिळून दोन-दोन तासांचे सहा पेपर. म्हणजे एकूण २१ तास. दिव्यांग परीक्षार्थीला तासाला २० मिनिटे भरपाई वेळ धरली तर आणखी सात तास. एकूण २८ तास नववीतला मुलगा किंवा मुलगी बाकावर बसून लिहीत असते, तेही दुसऱ्याच्या विचारांच्या वेगाने. येण्याजाण्याचा वेळ, आधीचा सराव, बुडालेले स्वतःचे वर्ग यांचा हिशेब यात नाही. काही परीक्षार्थी सवलतीचे पर्यायी विषय घेतात, तेव्हा हे तास थोडे कमी होतात.

त्याच वर्गात पर्यवेक्षक असतात आणि त्यांना मानधन मिळते. केंद्रसंचालकांना मिळते, पुढे उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना मिळते. मिळायलाच हवे. त्या खोलीत सर्वाधिक शब्द लिहिणाऱ्या मुलाच्या वाट्याला मात्र बहुतेक ठिकाणी ‘चांगले काम केलेस बाळा’ एवढेच येते. फार तर परीक्षार्थीचे पालक खाऊ देतात, पेन देतात, कोणी पाकीट देतो. म्हणजे जी सोय व्यवस्थेने द्यायची, तिचा खर्च ज्याला ती सोय हवी आहे त्यानेच करायचा. मोठ्या परीक्षांतही हेच चित्र आहे. बँक भरतीच्या ‘आयबीपीएस’च्या जाहिरातींत लेखनिकाची सोय उमेदवाराने स्वखर्चाने करावी, असे सरळ लिहिलेले असते.

नियम काय सांगतात?

नियम वाईट नाहीत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानंतर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लेखनिक स्वतः आणायचा की परीक्षा यंत्रणेकडून घ्यायचा, हे परीक्षार्थी ठरवू शकतो. स्वतः आणला तर त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावे. भाषांसारख्या विषयांसाठी वेगळा लेखनिक घेता येतो. यंत्रणेने दिलेल्या लेखनिकाला परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटण्याची मुभा आहे. आणि यंत्रणेने जिल्हा, विभाग किंवा राज्य पातळीवर लेखनिकांची यादी तयार करून ठेवावी, असेही त्यात सुचवले आहे. हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत उपयोगाचा, आणि सगळ्यांत कमी अमलात आलेला.

‘एक पायरी खाली’ ही अट मुळात नव्हती. २०१३ च्या सूचनांत लेखनिकाच्या शिक्षणावर, वयावर बंधन घालू नका, त्याऐवजी पर्यवेक्षण कडक करा, असे म्हटले होते. पुढे गैरप्रकारांच्या भीतीने अट आली. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण हुशार लेखनिकाकडून आयता पेपर लिहून घेण्याचा मोह खराच आहे. पण या अटीमुळे दहावीच्या परीक्षार्थीला असा लेखनिक घ्यावा लागतो, ज्याने तो अभ्यासक्रम पाहिलेलाच नाही. मग त्या मुलाला किमान प्रशिक्षण द्यायला हवे. ते कोणी देत नाही आणि कमी पडलेले गुण मात्र दृष्टिहीन मुलाचे जातात.

लेखनिकाची गरज फक्त दृष्टिहीनांना नाही. सेरेब्रल पाल्सी, लेखन-अक्षमता, ऐनवेळी मोडलेला हात अशी कारणेही असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हाताला मुरड येण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिकाचा हक्क मान्य केला आणि ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र हीच एकमेव कसोटी नाही, हे स्पष्ट केले. गरजूंची संख्या त्यामुळे वाढणारच.

किशोरवयीन मुलांना पैसे देणे कायद्यात बसते का?

बसते. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. चौदा ते अठरा वयोगटाला धोकादायक कामे वर्ज्य आहेत. परीक्षेच्या खोलीत बसून लिहिणे हे धोकादायक नाही. चौदा पूर्ण झालेल्या मुलाला, पालकांच्या लेखी संमतीने, मंडळामार्फत मानधन देण्यात अडचण नसावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या, म्हणजे ‘सीबीएसई’च्या व्यवस्थेत लेखनिकाला केंद्रामार्फत मोबदला देण्याची तरतूद आहे. मग गावच्या शाळेतल्या लेखनिकानेच फुकट का लिहावे?

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, हे सेवेचे काम, त्यात पैसा आणू नका. या जिल्ह्याला तो पटायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा इथे गावोगावी आहेत आणि श्रम करून शिकण्याची कर्मवीरांची शिकवण त्यांच्यासोबत आली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना त्यांच्याच नावाने चालते. विद्यार्थ्याने घाम गाळला तर त्याला दाम मिळावा, यात त्यांना कमीपणा वाटला नव्हता. महाविद्यालयीन लेखनिकांचे तास या योजनेत धरायला हरकत काय? राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी अनेक ठिकाणी हे काम करतातच, त्यांचे तास तिथे मोजले जातात. शाळकरी लेखनिकांचे मात्र कुठेच मोजले जात नाहीत.

दुसरा आक्षेप, पैसे आले की दलाल येतील. दलाल येतात ते पैसा खासगीत, हातोहात दिला जातो तेव्हा. मंडळाने ठरलेली रक्कम थेट मुलाच्या किंवा पालकांच्या खात्यात जमा केली, यादी जिल्हा पातळीवर ठेवली आणि कोणाला कोण मिळणार हे मंडळाने ठरवले, तर संगनमताची शक्यता उलट घटते. ‘कॉपीमुक्त परीक्षा’ अभियानात लेखनिकाच्या बाकाकडे भरारी पथकाची नजर सर्वांत आधी जाते. ओळखीतून आणलेल्या मुलापेक्षा यादीतून आलेला मुलगा त्या नजरेलाही बरा. केंद्राच्या २०२५ च्या नव्या सूचनांचा रोखही परीक्षा यंत्रणांनी स्वतःचे लेखनिक तयार ठेवावेत असाच आहे.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. याच वयाच्या मुलांच्या मोबाइलवर ‘घरबसल्या हस्ताक्षरात पाने लिहा, रोज हजार रुपये मिळवा’ असे संदेश येत असतात. आधी नोंदणी शुल्क मागायचे, मग लिहिलेल्या पानांत चुका काढून दंड मागायचा, न दिल्यास वकिलाची नोटीस पाठवण्याची धमकी द्यायची, अशी त्यातली ठरलेली पद्धत आहे. काम देणारा आधी पैसे मागत असेल तर ते काम नव्हे. शिवाय १८ वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार तिच्यावर कायद्याने बंधनकारक नसतो, त्यामुळे अशा धमकीला घाबरून पैसे भरू नयेत. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. लिहून चार पैसे मिळावेत ही मुलांची इच्छा खरी आहे. आपल्याकडे ती इच्छा भामट्यांनी ओळखली, शिक्षण खात्याने नाही.

जिल्ह्यात काय करता येईल?

अहिल्यानगर पुणे विभागीय मंडळात येतो, पण सगळे पुण्याने करण्याची वाट पाहायला नको. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी प्रत्येक तालुक्यात नववी आणि अकरावीच्या इच्छुक मुलांची नावे घ्यावीत. अक्षर आणि लिहिण्याचा वेग पाहावा, एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. त्यात गणित कसे सांगायचे-लिहायचे, विरामचिन्हे, पुन्हा वाचून दाखवणे आणि गप्प राहणे शिकवावे. गप्प राहणे सगळ्यांत कठीण. नगरमध्ये ‘अनामप्रेम’सारखी दिव्यांगांसाठी काम करणारी संस्था आहे. प्रशिक्षणासाठी माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडसारख्या तालुक्यांत आणखी एक पेच आहे. ऊसतोडणीचा हंगाम मार्चपर्यंत चालतो आणि अनेक घरांतली मोठी मुले आईवडिलांबरोबर फडावर असतात किंवा धाकट्यांना सांभाळत घरी राहतात. अशा घरातल्या हुशार मुलाला नऊ दिवस फुकट लिहायला बोलावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. ठरलेले मानधन, एसटीचे भाडे आणि दुपारचे जेवण मिळाले, तर तोच मुलगा आनंदाने येईल आणि त्याचे आईवडीलही पाठवतील.

बोर्डाचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरले जातात. लेखनिक लागणार आहे, हे त्या वेळीच शाळेला माहीत असते. परवानगीची कागदपत्रे, लेखनिकाचे बोनाफाईड, फोटो, मुख्याध्यापकांची सही ही सगळी धावपळ मात्र जानेवारीवर ढकलली जाते. नोव्हेंबरमध्ये जोडी ठरली, तर दहावीचा परीक्षार्थी आणि नववीचा लेखनिक यांना सहामाहीनंतरच्या सराव परीक्षा एकत्र देता येतील. कंस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे तोवर दोघांचे ठरून गेलेले असेल.