घर-अंगण : सहा घरं, एक बाटली

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कबरी कोंबडीनं चौदा पिलं काढली होती. मुलीच्या अकरावीची पुस्तकं त्या पिलांच्या पैशातून घ्यायची, असं आम्ही मायलेकींनी ठरवलं होतं. पिलं दीड महिन्याची झाली आणि एका सकाळी दोन पिलं मान वाकडी करून गोल गोल फिरताना दिसली. हिरवट-पांढरी विष्ठा, तोंड उघडून श्वास. सासूबाईंनी बघताक्षणी सांगितलं, "मानमोडी आहे, बेटा." चार दिवसांत अकरा पिलं गेली. पुस्तकं उधारीवर आली.

या रोगाला पुस्तकात राणीखेत म्हणतात. एकदा आला की औषध नाही, पण लस आहे आणि ती स्वस्त आहे. मी लस आणायला गेले नव्हते असं नाही. दुकानदार म्हणाला, "लहानात लहान बाटली शंभर पिलांची आहे." माझ्याकडं चौदा पिलं. मी रिकाम्या हातानं परत आले. चूक तिथंच झाली.

मागच्या हिवाळ्यात गल्लीतल्या सहा घरांनी मिळून ठरवलं, कोंबड्या एकाच वेळी बसवायच्या. बहिणींनो, तुम्हालाही हे जमेल, म्हणून सगळं क्रमानं सांगते.

आपल्या परभणीकडं अंडी बसवायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. एप्रिल-मेच्या उन्हात पारा चाळीसच्या वर जातो आणि अंडी बसवण्याआधीच खराब होतात. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. धुवायची नाहीत, मळलेली असतील तर बाजूला काढायची. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या डब्यात, टोकदार बाजू खाली करून, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवायची.

सगळ्या कोंबड्या एकाच दिवशी खुडूक होत नाहीत. जी आधी होईल तिच्याखाली दोन निकामी अंडी ठेवायची, ती बसून राहते. बाकीच्या तयार झाल्या की रात्रीच्या अंधारात ती दोन काढून खरी अंडी ठेवायची. एका देशी कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. टोपलीत भुसा किंवा कडबा, त्यावर चिमूटभर राख, म्हणजे उवा-गोचीड होत नाहीत. दाणा-पाणी जवळच ठेवा.

सातव्या रात्री मोबाईलची बॅटरी लावून अंडं बघा. आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिलू वाढतंय. अगदी स्वच्छ दिसलं तर ते अंडं काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिलं निघतात. स्वतःहून फोडू द्या, घाईनं कवच सोलू नका, रक्त येतं.

कुणी बदकाची अंडी मागते. ती कोंबडीखाली निघतात, पण अठ्ठावीस दिवस लागतात. राजहंसाच्या अंड्याला तर महिना. ते अंडं मोठं, कोंबडीला फिरवता येत नाही. चार-पाचच ठेवा आणि दिवसातून दोन-तीनदा हातानं उलटवा.

पिलू निघाल्यावर पहिला दिवस त्याच्या पोटातल्या बलकावर निघतो. आधी पाणी, मग दाणा. पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे टाकून, नाहीतर पिलं बुडतात. ज्वारीचा बारीक भरडा, तांदळाची कणी आणि मिळाली तर वाळवी द्या. नुसत्या दाण्यावर पिलू वाढत नाही. घार, मुंगूस, बोका यांच्यापासून पहिले तीन आठवडे झाकून ठेवा.

आता लसीचं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. बाटली बर्फातून आणायची आणि पातळ केली की तासा-दोन तासांत संपवायची. म्हणूनच सगळी पिलं एका अंगणात हवीत. आमच्या सहा घरांची मिळून 57 पिलं होती. एका बाटलीत सगळी झाली, प्रत्येकीच्या वाट्याला थोडेसे पैसे आले. पुढची मात्रा आणि देवीची लस कधी, हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. परभणीत तर पशुवैद्यक महाविद्यालयच आहे, विचारायला लाजू नका.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. 2021 च्या जानेवारीत आपल्याच तालुक्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला. शेकडो कोंबड्या मेल्या आणि रोग पसरू नये म्हणून गावातल्या उरलेल्या पक्ष्यांनाही मारून पुरावं लागलं. म्हणून एकदम तीन-चार कोंबड्या मेल्या तर उकिरड्यावर फेकू नका, घाईघाईनं कापून विकू नका. दवाखान्यात कळवा. लपवलं तर शेजारणीचंही अंगण रिकामं होतं.

57 पैकी 48 पिलं मोठी झाली. माझ्या वाट्याच्या नऊमधून दोन कोंबड्या ठेवल्या, बाकी विकल्या. मुलीच्या बारावीची पुस्तकं या वेळी रोखीनं आली. उधारीची वही दुकानदारानं तिच्यासमोरच फाडली.