गेमसाठी लॅपटॉप की डेस्कटॉप?

अंधेरी-घाटकोपरच्या आम्हा कापड व्यापाऱ्यांच्या घरी हल्ली मुलांचा एकच हट्ट: गेमसाठी लॅपटॉप हवा, हप्त्यावर का होईना! आमचे मत डेस्कटॉपच्या बाजूने आहे. शिलाई मशीनचा पार्ट झिजला की आपण पार्ट बदलतो, मशीन नाही. डेस्कटॉपचेही तसेच. ग्राफिक्स कार्ड जुने झाले तर लॅमिंग्टन रोडवरून नवे आणून बसवता येते. लॅपटॉपमध्ये ती चिप बहुधा मदरबोर्डलाच पक्की जोडलेली असते. शिवाय पातळ पेटीत उष्णता कोंडून खेळ मंदावतो. घरात जागाच नसेल किंवा मुलगा वसतिगृहात जाणार असेल, तर लॅपटॉप घ्यावा. एरवी डेस्कटॉपच बरा. व्यापारी बंधूंनो, प्रत्येक भागाचे पक्के बिल व वॉरंटी मागून घ्या. दिवसा त्यावर दुकानाचा हिशेब होईल, रात्री मुले खेळतील.