मुंबईचा किनारा कोणाचा? ट्राम, पायवाट आणि भरावाचा इतिहास

१/ मुंबईच्या समुद्राविषयी दोन समजुती समाजमाध्यमांवर वारंवार वाचावयास मिळतात. पहिली अशी की, ट्राम ही काळाच्या ओघात निरुपयोगी ठरलेली, संथ आणि आता केवळ स्मरणरंजनापुरती उरलेली गाडी होती. दुसरी अशी की, किनाऱ्यालगतच्या नव्या द्रुतगती मार्गांनी मुंबईकरांना त्यांचा समुद्र परत मिळवून दिला. या दोन्ही समजुती इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. त्या का टिकत नाहीत, हे दाखवण्यासाठी हा धागा.

२/ प्रारंभ ट्रामच्या पहिल्या दिवसापासून. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. मार्ग दोन होते : कुलाबा ते पायधुनी, क्रॉफर्ड मार्केटवरून, आणि बोरीबंदर ते पायधुनी, काळबादेवीवरून. कुलाबा, बोरीबंदर, पायधुनी ही तिन्ही नावे नीट वाचावीत. एक बेट, एक बंदर आणि एक ओहोटीची वाट. मुंबईची पहिली ट्राम जुन्या किनाऱ्यांना जोडत धावली.

३/ कुलाबा हे वेगळे बेट होते. १८३८ मध्ये कुलाबा कॉजवे पूर्ण होईपर्यंत तेथे जाण्यासाठी होडी तरी हवी किंवा ओहोटी तरी. पायधुनीची व्युत्पत्ती परंपरेने अशी सांगितली जाते की, भरतीचे पाणी शिरणारी खाडी ओलांडून आलेले लोक तेथे चिखलाचे पाय धूत. जवळच्या उमरखाडीच्या नावातही ती खाडी शिल्लक आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्ड बांधून महालक्ष्मी आणि वरळी यांमधील खिंडार बुजवले गेले, तेव्हा बेटांच्या मधोमध शिरणारा समुद्र मागे हटला. पायधुनीला समुद्र उरला नाही, नाव उरले.

४/ या नावांचा अर्थ साधा आहे. या शहराचा भूगोल पायी चालणाऱ्यांनी सांगितला. कोठे पाणी गुडघ्याइतके आहे, कोठे पाय धुवावे लागतात, कोठे होडी लागते, हे ज्याला चालावे लागते त्यालाच ठाऊक असते. किनारा कोठे होता, हे शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच अभिलेखागाराइतकाच विश्वास रस्त्यांच्या नावांवर ठेवावा आणि ते रस्ते पायी हिंडावेत.

५/ आता पूर्व किनारा. पालवा (ज्याचे इंग्रजांनी 'अपोलो' केले), बोरीबंदर, मस्जिद बंदर, चिंचबंदर, दाणाबंदर, वाडीबंदर, भाऊचा धक्का. इतकी बंदरे ज्या किनाऱ्यावर होती, त्यावर आज सामान्य माणसाला समुद्र कोठे दिसतो? गेटवे ऑफ इंडियापाशी आणि भाऊच्या धक्क्यावर. उर्वरित बहुतेक किनारा भिंतीपलीकडे आहे. मस्जिद बंदर स्थानकावर उतरणाऱ्या तरुणाला आपण बंदरावर उतरलो आहोत, असे कधी वाटतही नसेल.

६/ हे आपोआप घडले नाही. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानंतर १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक. शेवटच्या गोदीतून उपसलेल्या मातीच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. कापसाच्या आणि गिरण्यांच्या शहराला गोद्यांची गरज होती, हे कोणी नाकारणार नाही. परंतु गोदी बांधणे आणि गोदीभोवतीचा जवळजवळ सारा किनारा कुंपणाआड ठेवणे, हे दोन स्वतंत्र निर्णय होते. पहिला व्यापाराचा होता, दुसरा सत्तेचा. पहिल्याचे समर्थन करताना दुसराही निमूटपणे पदरात पाडून घेतला जातो.

७/ पश्चिमेकडे वेगळ्या मार्गाने तेच घडले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून बॅक बे बुजवण्यासाठी कंपनी निघाली. युद्ध संपले, १८६५ मध्ये बाजार कोसळला, कंपनी बुडाली. भरावाची जी पट्टी तयार झाली होती, तिच्यावर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे रूळ पडले. गिरगाव आणि समुद्र यांच्यामध्ये आगगाडी आली. चर्नी रोड ते चर्चगेट प्रवास करताना ही रेषा आजही पाहता येते.

८/ विसाव्या शतकात गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत बॅक बेचा दुसरा भराव सुरू झाला. अंदाज चुकले, खर्च फुगला आणि काम अर्ध्यावर राहिले. या कारभारावर विधिमंडळात आणि बाहेर घणाघाती टीका केली ती खुर्शीद नरिमन यांनी. हार्वे या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. पुढे त्याच उपसागरात आणखी भराव घालून जो भाग उभा राहिला, त्याला नरिमन पॉइंट हे नाव मिळाले. भरावातील गैरव्यवहार चव्हाट्यावर आणणाऱ्याचे स्मारक भरावावरच व्हावे, यापेक्षा बोचरा विनोद मुंबईच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

९/ याच दुसऱ्या भरावातून मरीन ड्राइव्ह मिळाला. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम धावू लागली होती, १९२० मध्ये दुमजली ट्रामही आली होती. म्हणजे मरीन ड्राइव्ह आकाराला येत असताना ट्राम हे शहराचे प्रस्थापित, लोकप्रिय वाहन होते. तरीही त्या रस्त्यावर ट्रामचे रूळ कधीच पडले नाहीत. शहराचा सर्वांत सुंदर किनारी रस्ता मोटारींसाठी आखला गेला.

१०/ आणि तरीही मरीन ड्राइव्ह लोकांचा झाला. का? कारण त्याच्या कडेला रुंद पदपथ आणि बसण्याजोगा कठडा होता, आणि तेथवर पोहोचण्याच्या वाटा अनेक होत्या. चर्चगेटला आणि मरीन लाइन्सला आगगाडी होती, गिरगावच्या रस्त्याने ट्राम होती, आणि तेथून पुढचे अंतर दहा मिनिटे चालण्याचे होते. लोकांना किनारा मिळतो तो असा : स्वस्त वाहन, त्यानंतर थोडी चाल, आणि शेवटी कोणी उठवणार नाही अशी जागा. या तीन गोष्टींपैकी एक जरी काढून घेतली, तरी उरलेल्या दोन निरर्थक ठरतात.

११/ ट्रामचे महत्त्व येथे कळते. प्रारंभी कुलाबा ते पायधुनी भाडे तीन आणे होते. त्या काळच्या मजुरासाठी ही क्षुल्लक रक्कम नव्हती. गर्दी वाढली तसे ते लवकरच दोन आण्यांवर आले. स्टर्न्स अँड किटरेज कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते, ही माहिती सगळेच मोठ्या कौतुकाने सांगतात. त्याहून मोठी गोष्ट भाडेकपातीची आहे. पुढे विजेच्या ट्रामने लालबाग, परळ, दादरची गिरणवस्ती दक्षिणेशी जोडली. ज्यांच्या खोलीत पाय पसरायला जागा नव्हती, त्यांना वाळूवर पाय पसरता येऊ लागले, यात या ट्रामचा वाटा होता.

१२/ ट्राम म्हणजे समतेचे नंदनवन होते, असा दावा येथे नाही. ती नफा कमावणाऱ्या खासगी कंपनीची गाडी होती. महापालिकेने ती ७ ऑगस्ट १९४७ रोजी ताब्यात घेतली. वरळी, माहीमच्या कोळीवाड्यांपर्यंत तिचे रूळ गेले नाहीत. परंतु ती रस्त्याच्या पातळीवर थांबत असे, सावकाश जात असे आणि कोठेही उतरून चालू लागण्याची मुभा देत असे. तिचा जो संथपणा दोष म्हणून मोजला जातो, तोच शहर पाहणाऱ्याच्या दृष्टीने तिचा गुण होता.

१३/ किनारा आणि पायी चालणारे लोक यांचे नाते केवळ फेरफटक्याचे नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांची अंत्ययात्रा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहातून निघाली आणि गिरगाव चौपाटीच्या वाळूवर त्यांचे दहन झाले. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या समुद्रकिनारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले. आजही प्रत्येक ६ डिसेंबरला लाखो लोक दादर स्थानकावर उतरून चैत्यभूमीपर्यंत चालत जातात. समुद्राकडे जाणारी वाट मोकळी नसती, तर या शहराच्या राजकीय इतिहासाची ही दोन पानेच वेगळी लिहावी लागली असती.

१४/ ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. गाडी माणसांनी खचाखच भरली होती, रस्त्याच्या दुतर्फा निरोप द्यायला लोक उभे होते. ट्राम नको झाली होती ती या लोकांना नव्हे. रस्त्यावर मोटारी वाढल्या आणि मोटारींना ट्रामचा अडथळा वाटू लागला. दरम्यान १९६२ मध्ये गवालिया टँक ते माझगाव डॉक ट्रॉलीबस सुरू करून पाहिली, तीही १९७१ मध्ये बंद झाली. आता मागे राहिल्या खुणा : 'दादर टीटी' हे ट्राम टर्मिनसचे संक्षिप्त नाव, आणि 'बेस्ट'मधला तो 'टी', जो मुळात ट्रामवेजचा होता.

१५/ यावर नेहमीचा आक्षेप येतो : अरुंद रस्त्यांच्या, भराव घालून वाढलेल्या शहरात ट्राम टिकणे शक्यच नव्हते. उत्तरासाठी हाँगकाँगकडे पाहावे. तेथील ट्राम १९०४ मध्ये सुरू झाली, तेही बेटच, तेथेही भरावांनी समुद्र दूर ढकलला, तेथील गर्दी मुंबईला हार जाणारी नाही. तेथील दुमजली ट्राम आजही धावते, आणि जुना किनारा कोठे होता हे तिच्या रुळांवरून अनेक ठिकाणी ओळखता येते. बेल्जियममध्ये तर सुमारे ६७ किलोमीटरची ट्राम जवळजवळ संपूर्ण सागरकिनाऱ्याने जाते. ट्राम अशक्य नव्हती. तिच्यापेक्षा मोटार महत्त्वाची ठरवली गेली.

१६/ त्या निवडीचा पुढचा टप्पा आपल्यासमोर आहे. २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला १०.५८ किलोमीटरचा किनारी रस्ता. दोन्हींच्या मुख्य मार्गावर पादचाऱ्याला, सायकलस्वाराला, दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. दहा हजार कोटींहून अधिक सार्वजनिक पैसा खर्चून समुद्रात बांधलेल्या रस्त्यावर पाय ठेवण्याची बंदी! वाहतूक सुरक्षेसाठी ही बंदी योग्य आहे, असे कोणी म्हणेल. मग प्रश्न असा की, पाय ठेवणे धोक्याचे ठरेल असाच रस्ता किनाऱ्यावर का बांधला?

१७/ किनारी रस्त्यालगत पदपथ केला आहे आणि तेथे जाण्यासाठी भुयारी वाटाही आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. बसलाही त्या रस्त्यावर बंदी नाही. परंतु तो पदपथ आणि शहर यांच्यामध्ये वेगाने धावणाऱ्या मोटारींचे पट्टे आहेत. एकोणिसाव्या शतकात गिरगाव आणि समुद्र यांच्यामध्ये रेल्वे आली, विसाव्यात पूर्वेकडे गोद्यांच्या भिंती उंचावल्या, एकविसाव्यात महालक्ष्मी-वरळीच्या पुढ्यात महामार्ग आला. साधन बदलले, रेषा तीच. आणि जे साधन लोकांना तेथवर नेऊ शकते त्या बेस्टचा ताफा आक्रसत गेला आहे. मे २०२५ मध्ये तिचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. ट्रामच्या कंपनीने गर्दी पाहून भाडे उतरवले होते, हे येथे आठवावे.

१८/ या साऱ्यात एक उदाहरण दिलासा देणारे आहे. वरळीच्या कोळी मच्छीमारांनी किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधून होड्या सुरक्षित जाव्यात म्हणून अंतर वाढवण्याची मागणी लावून धरली. दोन खांबांमधील ६० मीटरचे अंतर अखेर १२० मीटर करणे मान्य झाले. किनाऱ्याचा नकाशा तज्ज्ञांच्या कार्यालयात एकदाच ठरतो आणि मग बदलत नाही, हा समज या घटनेने खोटा ठरवला. समुद्राचा रोज वापर करणाऱ्यांचे ज्ञान हेही अभियांत्रिकीइतकेच खरे ज्ञान आहे.

१९/ निर्णायक प्रश्न पुढे आहे. पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या ताब्यातील शेकडो एकर जमिनीच्या पुनर्विकासाची चर्चा गेली अनेक वर्षे चालू आहे. भिंती पडणार असतील, तर त्यांच्या जागी काय येणार? ससून डॉकपासून शिवडीपर्यंत अखंड पायवाट आणि तिला समांतर स्वस्त सार्वजनिक वाहन, की काचेचे मनोरे आणि त्यांच्या तळाशी आणखी एक द्रुतगती रस्ता? इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी या चर्चेत बंदरांची जुनी नावे सांगत उभे राहावे. ती नावे म्हणजे पूर्वीच्या वहिवाटीचा पुरावा आहेत.

२०/ म्हणून ट्रामच्या छायाचित्राखाली हळहळ व्यक्त करून थांबू नये. कुलाब्यापासून पायधुनीपर्यंत एकदा चालावे. तेथून हाजीअलीला बसने जावे आणि भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारी दर्ग्याची वाट ओहोटीला पायी पार करावी. जुन्या मुंबईत एका बेटावरून दुसऱ्यावर कसे जात, याची थोडी कल्पना तेथे येते. मग हिशेब मांडावा : वाटेत समुद्र किती ठिकाणी दिसला, किती ठिकाणी त्याच्याजवळ जाता आले, आणि किती ठिकाणी पहारेकऱ्याने हटकले. किनारा कोणाचा, याचे उत्तर त्या हिशेबात मिळेल.