रुळांची रुंदी व घरांतील यंत्रें

सालेकसा येथून गोंदियास जाणारा लोहमार्ग ५ फूट ६ इंच रुंदीचा. परंतु गोंदियाहून जबलपुरास जाणारा मार्ग पूर्वीं अवघा २ फूट ६ इंचांचा होता. गाड्या दोन्ही उत्तम धांवत. तथापि एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चढत नसे, आणि माल उतरवून पुन्हां भरावा लागे. आतां तोहि मार्ग रुंद झाला आहे.

घरांतील ‘स्मार्ट’ उपकरणांची स्थिति अशीच होती. अलेक्सा, गूगल होम व ॲपल होम यांचे मार्ग निरनिराळे. २०२२ सालीं ‘मॅटर’ हें समाईक मानक निघालें. त्यायोगें एकच दिवा तिघांच्याहि आज्ञा पाळूं शकतो. मात्र त्याचे सर्व विशेष गुण तिघांकडेहि सारखेच मिळतील असें नाहीं. आणि तोंडी आज्ञा समजण्यास बहुधा इंटरनेट लागतेंच.

म्हणून आमचें मत असें कीं, पालकांनीं किंमत पाहण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे. खोक्यावर मॅटरची खूण आहे काय? इंटरनेट बंद पडल्यास भिंतीवरील बटन हातानें चालतें काय? ज्या यंत्रापायीं घरांतील आजीस अंधारांत बसावें लागतें, तें कितीहि चतुर असलें तरी शहाणें नव्हे.